जुळ्यांच्या डोक्यात

गोल आणि चौकोन काढणं हे माझ्या पहिल्या नोकरीतलं काम होतं. बाई असेल तर गोल, पुरुष असेल तर चौकोन. दोघांचं लग्न झालेलं असेल तर मधे आडवी रेघ, पोरंबाळं झाली असतील तर तिथून खाली उभ्या रेघा. आणि घरात ज्याला दारूचं व्यसन लागलं असेल, त्याचा चौकोन पेन्सिलीनं काळा भरायचा.

साल दोन हजारच्या पुढंमागची गोष्ट. समाजकार्याची पदवी घेऊन मी कोल्हापुरात नोकरी शोधत होते, तेव्हा एका मानसोपचार डॉक्टरबाईंनी मला हे काम दिलं. नव्वदच्या सगळ्या दशकात त्यांनी शहरात व्यसनी माणसांवर उपचार केले होते. एकाच घरातले बाप, चुलता, मुलगा असे एकामागून एक पेशंट त्यांच्याकडं येत. आणि त्याच घरातला एखादा भाऊ मात्र आयुष्यभर चहावर असे. हे कशानं होतं, याचा त्यांना फार दिवसांपासून पत्ता लावायचा होता. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत रक्तातली जनुकं तपासायची सोय झाली, आणि कोल्हापुरात नुकतंच एमआरआयचं मशीन आलं. मग बाईंनी ठरवलं, रक्त बंगळूरला जाईल, डोकी कोल्हापुरात बघू आणि घरोघरची हकिगत ही पोरगी लिहून आणेल. ती पोरगी म्हणजे मी.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "सराव म्हणून आधी तुझ्याच घरचा वंशवृक्ष काढ."

मी आजोबांचा चौकोन काढला, काळा भरला. वडिलांचा काढला आणि पेन्सिल थांबली. मी सहावीत असेपर्यंत वडील प्यायचे. नंतर पिणं एकदम बंद केलं. आता ते पहाटे उठून चहा करायचे आणि सगळ्यांना हाका मारून मारून उठवायचे. त्या जुन्या दिवसांबद्दल आमच्या घरात कुणी चकार शब्द काढत नसे.

"भर की," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"भरला की कायमचा काळा होईल."

"काळा म्हणजे डाग नव्हे गं. त्यांना मधुमेह असता तर भरलाच असतास ना? आजार आहे, आजाराची खूण आहे."

मी भरला. पण मनाला लागून राहिलं, म्हणून घरी गेल्यावर वडिलांना सांगून टाकलं, "बाबा, मी आज तुमचा चौकोन काळा केला." त्यांनी सगळं समजून घेतलं. मग म्हणाले, "बरं केलंस. पर सोडली त्येची काय खूण हाय?"

तशी खूणच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना विचारलं, तर त्यांना हसू आवरेना. शाळेत बरोबर उत्तराला गुरुजी करतात तशी खूण आम्ही काळ्या चौकोनाच्या वर करायला लागलो. पुढं बंगळूरहून चौकशी आली की कोल्हापूरच्या कागदांवर हे काय असतं. बाईंनी कळवलं, ह्या माणसांनी पेपर सोडवलाय.

मग माझं फिरणं सुरू झालं. मला वाटलं होतं, दारूबद्दल विचारायला गेलं की लोक दार लावून घेतील. झालं उलटंच. पुरुषाला विचारावं, "किती पिता?" तो म्हणे, "कधीतरी." लगेच आतून बायको, "कधीतरी म्हंजी रोज! लिवा ताई, लिवा!" म्हाताऱ्या तर माझी वाटच बघत असायच्या. भावकीतला कोण कुठं, कधी आणि किती प्याला, कुणाच्या लग्नात कोण हळदीच्या घमेल्यात बसला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. माझा एक कागद पुरायचा नाही. तीन कागद चिकटवून मी पुढं काढत जायची आणि सगळी गल्ली त्या कागदावर ओणवी होऊन आपापला गोल शोधायची.

रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून मी एसटीनं आणायची. एकदा आजऱ्याहून येताना डबा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या मामांनी दोनदा वास घेतला आणि विचारलं, "मासं हाय काय?"

"नाही, रक्त आहे."

मामा उठले ते थेट पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहिले. गडहिंग्लजपर्यंत मला अख्खी शीट मोकळी मिळाली. स्टँडवर उतरून मी कुल्फीवाल्याकडून बर्फ घेतला. त्यानं मात्र काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "ताई, जरा मीठ टाका, टिकंल."

त्याच गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात मला ते जुळे भाऊ भेटले.

लिंगायत घर. किराणा आणि गुळाचं दुकान, मागं उसाचं रान. घरात बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. आईला सगळे अव्वा म्हणायचे, गावसुद्धा. थोरला भाऊ दुकान बघायचा. धाकटा त्याच्यापेक्षा काही मिनिटांनीच लहान, पण त्याला "अण्णा" म्हणायचा. धाकटा टेंपो चालवायचा. आजऱ्याचा काजू घेऊन घाट उतरून गोव्याच्या बाजूला जायचा, आणि त्या फेऱ्यांमध्येच त्याला दारू लागली होती. सहा-सात वर्षं चांगलीच लागली. शेवटी थोरल्यानं त्याला डॉक्टरबाईंकडं आणलं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा दारू सोडून त्याला चार महिने झाले होते.

दोघं दिसायला हुबेहूब सारखे. डॉक्टरबाईंना तर असेच भाऊ हवे होते. त्या सांगायच्या, असल्या जुळ्यांना आईबापाकडून अगदी एकसारखी जनुकं मिळतात. मग एक प्याला आणि एक नाही प्याला, तर फरक पडला कुठं? दोघांच्या मेंदूचे फोटो शेजारी शेजारी लावून त्यांना ते बघायचं होतं.

पहिल्याच भेटीत माझी फजिती झाली. ओट्यावर बसलेल्या भावाला मी सगळे प्रश्न विचारले. पहिल्यांदा कधी घेतली, झोप कशी लागते, हात थरथरतात का. तो अगदी व्यवस्थित उत्तरं देत होता. दोन पानं भरली. शेवटी तो म्हणाला, "अक्का, आता ह्ये सगळं धाकल्याला बी इचारा. मी अण्णा."

"अहो, मग इतका वेळ उत्तरं कशाला दिलीत?"

"तुमी इचारत हुता, मी सांगत हुतो. त्येचं सगळं मला म्हाईत हाय की."

मी ती पानं फाडली आणि पुन्हा सुरुवात केली. अव्वा चहा घेऊन आली आणि माझ्या कागदाकडं बघत बसली. पाच पिढ्यांचा एवढा मोठा कागद, सगळे चौकोन पांढरे, आणि तळाशी एकच काळा. तिनं त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ह्यो आला कुठनं, अक्का? दोघं माझ्या पोटातनं एकदम आले. एका ताटात जेवले."

"तेच तर बघायचंय, अव्वा. अजून कुणालाच नीट माहीत नाही."

तिचं समाधान झालं नाही, हे मला दिसत होतं. पण तिनं कप पुढं केला आणि म्हणाली, "कुडी, कुडी. पी की, च्या निवंल."

फोटो काढायच्या दिवशी तिघं पहिल्या एसटीनं कोल्हापुरात आले. अव्वाच्या हातात भाकऱ्यांचं गाठोडं. एमआरआयचं मशीन चालवणारा तंत्रज्ञ गडमुडशिंगीचा. रोज लुनावरून यायचा, आणि त्याचा आवाज मशीनपेक्षा मोठा होता.

"या पावणं! अंगावर लोखंड, चांदी, सोनं, किल्ली, चिल्लर, काय म्हंजी काय ठिवू नका. आत लई ताकदीचं चुंबक हाय. खिशात किल्ली ऱ्हायली तर तुमच्या आधी किल्ली आत जाईल."

थोरल्याचा हात गळ्याकडं गेला. त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. ते अंगावेगळं करायचं नसतं. तो हात डबीवरच ठेवून उभा राहिला. मग अव्वानंच वाट काढली. तिनं डबी उघडून लिंग पांढऱ्या सुती कापडात बांधलं, ते कापड त्याच्या गळ्यात घातलं आणि रिकामी डबी आपल्या कनवटीला लावली. "आता चालंल न्हवं?" तंत्रज्ञानं चाचपून पाहिलं, कापड आणि आत दगडासारखं काहीतरी, धातू कुठंच नाही. "पळतंय की, अव्वा!"

धाकट्याच्या गळ्यात काहीच नव्हतं. प्यायला लागल्यावर त्यानं ते आपणहून काढून देव्हाऱ्यात ठेवलं होतं, असं अव्वानं मला घरी सांगितलं होतं.

थोरला आत गेला. मशीनमध्ये माणूस निजला की बाहेर फक्त पाय दिसतात. मशीन सुरू झालं, खडखड, ठकठक, मधेच कुणी पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा आवाज. अव्वा घाबरली तसा तंत्रज्ञ म्हणाला, "काय न्हाय हो, एसटीच्या मागच्या शीटावर बसल्यागत वाटतंय, एवढंच." अर्ध्या तासानं थोरला बाहेर आला, आम्हाला हात केला आणि कपडे बदलायच्या खोलीत गेला. धाकटा त्याच्या मागोमाग गेला. त्याच्या कपाळावर घाम होता. दोघं आत जरा जास्तच वेळ होते. मग गाऊन घातलेला भाऊ खाली मान घालून आला आणि एक शब्द न बोलता मशीनवर जाऊन निजला. पुन्हा खडखड. अव्वा माझ्या शेजारी काचेला नाक लावून पायांकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेत असेल.

काम झाल्यावर आम्ही सगळ्यांनी व्हरांड्यात बसून भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगाची चटणी खाल्ली. तंत्रज्ञानं चार भाकऱ्या खाल्ल्या. "नाद खुळा चटणी हाय, अव्वा. हिचाच फोटो काढाय पायजे." दोघं भाऊ खाली बघून हसत होते. मला वाटलं, मशीनची भीती गेली म्हणून हसतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. मी आणि तंत्रज्ञ मागं उभे. बाई एकदा ह्या फिल्मकडं बघायच्या, एकदा त्या. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"अगं, इकडं ये. ही घडी बघ. आता ह्याची बघ. अगदी रेषेला रेष! आणि हा ठिपका!" डाव्या बाजूला मोहरीएवढा ठिपका होता. असा ठिपका कितीतरी माणसांच्या डोक्यात असतो आणि त्याचा कुणाला त्रास नसतो. "दोघांच्याही डोक्यात, एकाच जागी. इतकी वर्षं प्यायला आणि मेंदूवर काडीचा फरक नाही! हे बंगळूरला आत्ताच्या आत्ता कळवलं पाहिजे."

बाई फोनकडं वळल्या. तंत्रज्ञानं डोकं खाजवलं.

"मॅडम, एक बोलू का? जुळी असली तरी बोटाचं ठसं येगळं असत्यात म्हणं."

"असतात."

"मग डोक्याच्या घड्या इतक्या सारख्या कशा?"

बाईंचा हात फोनवरच राहिला. मला एकदम ते पांढरं कापड आठवलं. दुसऱ्या खेपेला निजायला गेलेल्या माणसाच्या गाऊनच्या गळ्यातून सुती कापडाची गाठ दिसत होती. मी ती पाहिली होती. मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं, "धाकट्याच्या गळ्यात काही नव्हतं. दोन्ही वेळेला थोरलाच आत गेला होता."

बाई आधी खुर्चीत बसल्या. चेहरा कसा करावा हे त्यांना कळत नव्हतं. मग जे हसायला लागल्या, ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. "एकाच मेंदूचे दोन फोटो! आणि मी सुखानं फोन करायला निघाले होते!" त्यांचं बघून तंत्रज्ञ हसला आणि त्याच्या हसण्यानं बाहेरचे पेशंट डोकावून गेले.

शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "तू जा. रागावू नकोस. एवढं विचार की असं का केलंत."

मी दोन्ही फिल्म घेऊन त्याच आठवड्यात गावी गेले. थोरला दुकानात गुळाची ढेप फोडत होता. मी फिल्म गल्ल्यावर ठेवल्या. त्यानं एकदा फिल्मकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"घावलं व्हय?"

आतून अव्वाचा आवाज आला, "मला ठावं हुतं की!"

"तुम्हाला? कसं काय?"

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "थोरल्याच्या पायाची करंगळी वाकडी हाय. बारका हुता तवा गाडीच्या चाकाखाली आलती. दोन्ही टायमाला तीच करंगळी. काचंतनं दिसत हुती."

"मग तिथंच सांगायचं नाही का, अव्वा?"

"तुमी इतक्या आनंदानं लिवत हुतासा. कुठं मोडता घालू?"

तेवढ्यात धाकटा टेंपो लावून आला. फिल्म दिसल्यावर तो दारातच थांबला. मी म्हटलं, "दादा, कुणी रागावलेलं नाही. मशीनची भीती वाटली का?"

तो पोत्यावर बसला. मग हळू म्हणाला, "मशीनची न्हाय, अक्का. आत घातल्यावर दिसंल की."

"काय दिसेल?"

"चार म्हैनं झालं, थेंबाला शिवलो न्हाय. देवाशपथ. पर घाट उतरला की ते दारूचं दुकान लागतंय. तितं रोज आठवण येती. घशात येती. आणि घरात मी सांगितलंय, मला आठवणबी येत न्हाय म्हणून. तुमी फोटू काढणार, डॉक्टरबाई बघणार, अव्वाला दावणार. त्यात ती आठवण दिसली तर?"

थोरला ढेपेवरच्या माश्या वारत होता. मग तोच म्हणाला, "मला म्हटला, अण्णा, तू जा. तुझ्या डोक्यात काय न्हाय."

अव्वाला पहिल्यांदा हसू फुटलं. "खरं हाय. ह्येच्या डोक्यात कवाच काय नव्हतं." मग थोरला हसला, आणि शेवटी पोत्यावरचा धाकटासुद्धा. हसता हसताच त्यानं डोळ्यांवर मनगट फिरवलं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरबाईंनीच द्यायला हवं होतं. आम्ही चौघंही वेशीजवळच्या एसटीडी बूथवर गेलो आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना दे फोन." बूथ एवढासा, बाईंचा आवाज खणखणीत, त्यामुळं आम्हाला सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"हे बघा, त्या फोटोत आठवण दिसत नाही. मेंदूचा आकार दिसतो, त्याच्या घड्या दिसतात, एवढंच. परदेशात आता असंही करतात, माणसाला आत निजवून बाटलीचं चित्र दाखवतात आणि मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते बघतात. पण त्यातसुद्धा तुम्हाला काय आठवलं, हे कुणाला वाचता येत नाही. येत असतं तर मी स्वतः त्या मशीनच्या आसपास फिरकले नसते."

धाकट्यानं विचारलं, "मग ही आठवण येती कशानं? मी तर सोडलीया."

"तुमच्या मेंदूनं सहा वर्षं एक धडा गिरवलाय. चार महिन्यांत तो पुसत नाही. ते दुकान दिसलं की तो आपोआप वर येणार. आठवण आली म्हणजे तुम्ही हरलात असं नाही. आठवण येऊनसुद्धा टेंपो न थांबवता घरी येता, हे मला कुठल्या मशीनमध्ये दिसणार होतं? ते तुम्हीच सांगायचं होतं. आज सांगितलंत. फार बरं वाटलं मला."

फोन ठेवल्यावर तो अव्वाकडं वळला. "अव्वा, मी खोटं बोललो. आठवण येती."

"यीना का," अव्वा म्हणाली. "आली की मला सांग. मी काय तुला मशीनमंदी घालणार हाय?"

पंधरा दिवसांनी तिघं पुन्हा कोल्हापूरला आले. तंत्रज्ञ दारातच उभा होता. "पावणं, चप्पल काढा. आधी करंगळी दाखवा!" त्यानं दोघांच्याही करंगळ्या नीट तपासल्या, वर अव्वाकडून खात्री करून घेतली आणि मगच धाकट्याला आत घेतलं. ह्या खेपेला बाहेर थोरलाच येरझाऱ्या घालत होता. "गुदमरत नसंल न्हवं? एकदा आवाज दिऊ का?" अर्ध्या तासानं धाकटा बाहेर आला तो दात काढतच. "अक्का, खरंच एसटी हाय!" तंत्रज्ञानं त्याला पडद्यावर त्याचा मेंदू दाखवला. तो पुढं वाकून बघत राहिला. "आईशप्पत. अक्रोड हाय की!"

ह्या वेळी डॉक्टरबाई स्वतः आल्या होत्या. अव्वा त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "माझाबी फोटू काढा. दोघांत काय ग्येलंय ते माझ्यातच असंल. बघा तरी, काय चुकलं."

बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. "अव्वा, तुमच्याकडून जे गेलं, ते दोघांना सारखंच गेलं. चूक तिथं असती तर दोघंही प्याले असते. जनुकं पुष्कळ असतात, त्यातलं एकेक थोडं थोडं ढकलतं. कुणाला जरा जास्त, कुणाला कमी. पण ढकललं म्हणजे माणूस पडतोच असं नाही. वर तो टेंपो, तो घाट, जागरणं, सोबती, असं कितीतरी असतं. कशाचा वाटा किती, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही. म्हणून तर तुमच्या लेकांना एवढा त्रास दिला."

"म्हंजी माझा दोष न्हाय?"

"नाही."

"ह्येचा?"

"त्याचाही नाही. पण सोडली, ती करामत त्याचीच."

अव्वानं गाठोडं सोडलं. आत पुरणाच्या होळग्या होत्या. तंत्रज्ञानं ते बघितलं आणि म्हणाला, "आता मॅडम, पुढच्या पेशंटला अर्धा तास थांबवावं लागतंय."

त्या दोन खऱ्याखुऱ्या फोटोंमध्ये फरक होता, पण अगदी बारीक. तो दारूमुळं की आपसूकच, हे बाईंना खात्रीनं सांगता आलं नाही. जुळ्यांच्या घड्याही थोड्या वेगळ्या असतातच. त्यांनी तसंच लिहून कळवलं. आमचं काम पुढं काही वर्षं चाललं. कितीतरी घरं झाली, कितीतरी रक्ताच्या नळ्या गेल्या. दारूचं असं एकच जनुक कुणाला सापडलं नाही. सापडलं ते असं की पुष्कळ बारीकसारीक गोष्टी एकत्र येतात, आणि त्या नीट समजायला अजून पुष्कळ काम करावं लागेल. मी एकदा बाईंना विचारलं, एवढं करून एवढंच कळलं, तर तुम्हाला वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाईट कशाचं? मी शिकत होते तेव्हा आम्हाला सांगायचे, दारुड्याला मनच नसतं. आता निदान एवढं तरी कळलंय की त्याला मेंदू असतो."

धाकटा मधे एकदा घसरला. गोव्याच्या फेरीत, कुणाच्या तरी बारशाला. तिसऱ्या दिवशी स्वतःच दवाखान्यात येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी सांगायला आलोय." त्यानंतर मात्र नाही.

नोकरी सुटल्यावर, चार-पाच वर्षांनी, मी काही कामानं गडहिंग्लजला गेले होते. बाजाराचा दिवस. मागून हॉर्नवर हॉर्न वाजायला लागले. बघते तर त्याचाच टेंपो. "अक्का! कोल्हापूरला न्हवं? चला, बसा की!" टेंपोत मागं तिघं जण बसलेले, डोळे लाल, चेहरे ओशाळलेले. तो त्यांना डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. महिन्यातून एकदा तरी असा फेरा असतोच, म्हणाला. काजू कमी, माणसं जास्त.

निघायच्या आधी त्यानं चहासाठी टेंपो टपरीपाशी थांबवला. तिघांच्या हातात कप दिले आणि शीटामागून एक मोठं पाकीट काढलं. त्यात त्याची फिल्म होती, ती त्यानं त्या वेळीच मागून घेतली होती. ती त्यानं उन्हाकडं धरली. टपरीवरची माणसंही जवळ आली.

"बघा. ह्ये माझं डोस्कं. ह्यो भाग टेंपो चालवायचा. ह्यो हिशोबाचा, त्यो जरा बारकाच हाय. आणि हितं, ह्या कोपऱ्यात, आठवण बसलीया. अजून हाय. ती जात न्हाय, आणि तिच्याकडं बघायचं न्हाय. ती आली की घरात सांगून टाकायचं. भ्यायचं न्हाय."

तिघांतला एक जण अगदी डोळे बारीक करून त्या कोपऱ्याकडं बघत होता. त्या फिल्मवर धाकटा जो भाग टेंपोचा म्हणत होता, तो नुसता कवटीचा हाडाचा भाग होता, आणि आठवणीचा कोपरा म्हणून दाखवला तो कान होता. त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "बरोबर हाय न्हवं, अक्का?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "बरोबर हाय की."